शंका कुणाला सांगावी?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग, जुम्याचा दिवस, शेवटचा तास. अभ्यासक्रम संपत आला होता म्हणून मुलींना म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "टीचर, आमच्या शेजारच्या आजी फार चांगल्या आहेत. माझ्या अम्मीच्या आजारपणात महिनाभर त्यांनीच आमच्या घरी भाकरी पाठवली. पण त्या मुसलमान नाहीत. मग त्यांचं कयामतच्या दिवशी काय होणार? आणि मी त्यांच्या घरात जन्मले असते तर माझं?"

मी काय केलं असेल? बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर दिलेली, पाठ-नियोजनात 'विद्यार्थ्यांच्या जिज्ञासेला वाव' असं सुवाच्य अक्षरात लिहिणारी मी म्हणाले, "अस्तगफिरुल्लाह म्हण आणि खाली बस." ती बसली. मुली हसल्या. त्यानंतर वर्षभरात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही, इतिहासाचासुद्धा नाही.

खरी गोष्ट अशी की तो प्रश्न माझाही होता. तिच्या वयाची असताना मला पडला होता, आणि मी तो कुणालाच विचारला नव्हता. अब्बांना विचारायची हिंमत नव्हती आणि मौलवीसाहेबांना विचारायची सोय नव्हती. आपल्याकडे शंका ही एकट्याने सहन करायची गोष्ट आहे. तापासारखी. उतरला तर उतरला.

त्याच सुमाराला बी.एड.च्या काळात अर्धवट वाचून ठेवलेलं एक पुस्तक मी पुन्हा हाती घेतलं. पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो छापला, संपादन अ. भि. शहा यांचं. हमीद दलवाईंचे सहकारी म्हणून शहांचं नाव आपल्याला परकं नाही. रमाबाई आपल्याला पाठ्यपुस्तकातून भेटतात त्या शारदा सदन आणि मुक्ती मिशनच्या रमाबाई. या पत्रांतल्या रमाबाई वेगळ्या आहेत. सत्तावीस वर्षांची, विधवा, एका लहान मुलीची आई, परदेशात दुसऱ्यांच्या आश्रयाला राहिलेली आणि ज्या धर्मात नुकताच प्रवेश केला त्याच धर्मातल्या मुख्य सिद्धांतावर रोखठोक शंका घेणारी ही बाई. शंका घेते, आणि ती लिहून आपल्या मार्गदर्शक बाईंना पाठवते. मला वाटलं, ही आपल्या वार्षिकात सांगण्यासारखी हकीकत आहे.

आधी थोडं त्या मार्गदर्शनाविषयी. ख्रिस्ती परंपरेत 'आध्यात्मिक मार्गदर्शक' नावाची एक जागा आहे. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू वेगळा. त्याच्याकडे गुन्हा सांगायचा आणि माफी घ्यायची. मार्गदर्शकाकडे गुन्हा न्यायचा नसतो, मनात काय चाललंय ते न्यायचं असतं. प्रार्थना कोरडी का वाटते, श्रद्धा का डगमगते, हा विचार आतून आला की आपलं मनच फसवतंय. ही रीत फार जुनी. चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहणाऱ्या फकिरांकडे तरुण मुलं जायची आणि त्या 'अब्बा'पुढे आपले विचार उघडे करायची. शब्दसुद्धा आपल्या घरातलाच.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश सरदाराने या रीतीला शिस्त दिली. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला, अंथरुणावर संतचरित्रं वाचून मन पालटलं, आणि १५२२ मध्ये मान्रेसा या गावी तो फकिरीत राहिला. तिथे त्याला विचित्र आजार जडला. केलेलं पापनिवेदन पूर्ण झालं की नाही, काही राहून तर गेलं नाही ना, या शंकेने तो पछाडला गेला. पुन्हा निवेदन, पुन्हा शंका. जीव द्यावासा वाटू लागला. आठवडाभर त्याने अन्नपाणी सोडलं. शेवटी त्याच्या धर्मगुरूने हुकूम केला, आज जेव. आपल्यातही असे लोक असतात. माझ्या माहेरच्या मोहल्ल्यात एक चाचा होते, तीन-तीन वेळा वजू करायचे, नमाज मोडून परत नियत बांधायचे. आम्ही पोरं हसायचो. त्याला वसवसा म्हणतात हे कळायचं, पण तो माणूस आतून किती होरपळत असेल हे कळायचं नाही. इग्नेशियसने स्वतःच्या होरपळीतून 'आध्यात्मिक साधना' हे छोटं पुस्तक तयार केलं. १५४८ मध्ये पोपने त्याला मान्यता दिली. त्यातल्या दोन सूचना मला मोलाच्या वाटतात. एक, मन उजाड झालेलं असताना आधी घेतलेला निश्चय बदलू नये. दुसरी मार्गदर्शकासाठी आहे. त्याने तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं, निर्माता आणि त्याचा बंदा यांच्यामध्ये घुसू नये.

ही दुसरी सूचना पाळणं किती अवघड असतं, ते रमाबाईंच्या हकीकतीत दिसतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, त्यापायी वनवास पत्करला. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. भावाबरोबर पायी हिंडत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी, जात मोडून, लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्याने गेला. पुण्यात आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला म्हणून मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज या गावच्या मठवासी भगिनींची शाखा पुण्यात होती, तिथून ओळख झालेली. आपण ख्रिस्ती होणार नाही असं निघताना त्या सांगत होत्या. पण २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

यामागे कुणाची जबरदस्ती नव्हती, लालूच नव्हती. त्याच काळात बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी, धर्मांतराच्या भीतीने मन बिघडून, आत्महत्या केली होती. तो धक्का रमाबाईंनी सोसला होता. फुलहॅमला 'बिघडलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना भगिनी कशा जवळ करतात ते त्यांनी पाहिलं होतं, आणि येशू शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलतो ती गोष्ट तिथे ऐकली होती. शिवाय फादर नेहेम्या गोरे यांचं पत्र. गोरे म्हणजे काशीचे नीलकंठशास्त्री, १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले मोठे पंडित. नवल असं की रमाबाईंची शंका ज्यांच्या पत्राने फिटली, त्या गोऱ्यांना स्वतःला मात्र शंकांनी जन्मभर सोडलं नाही.

वाँटेजला सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आई झाल्या. पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणतात, इंग्रजी मजकुरात मराठी शब्द. १८८४ च्या आरंभी रमाबाई चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला आणि शिकायला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्याने डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला होता. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील. रमाबाई ज्या वर्षी जन्मल्या त्याच वर्षी या बाई प्राचार्या झाल्या होत्या! म्हणजे एका शिष्येला दोन मार्गदर्शक मिळाल्या. आणि इथून खरी कथा सुरू होते.

पहिली ठिणगी साधी होती. रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात याचा वाईट बोभाटा होईल म्हणे. रमाबाईंनी लिहिलं की माझ्या आईने आणि मी पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांची किंवा नवऱ्याची कधी हरकत नव्हती, मग हे कोण? मग भगिनींच्या गळ्यातल्या क्रूसावरचे लॅटिन शब्द. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या गळ्यात घालायचा तर त्यावर संस्कृत अक्षरं का नकोत? मग जेवण. अंडं घातलेलं पुडिंग त्या खात नसत. जेराल्डिनबाईंना त्यात जातीचा उरलेला अहंकार दिसला. मला या ठिकाणी दोघींचंही थोडं खरं वाटतं, पण पुडिंगावरून ईमान मोजणं आपल्यालाही अनोळखी नाही.

१८८५ मध्ये मात्र मूळ प्रश्नच पुढे आला. ईश्वर एक आहे हे मला कळतं, पण एकात तीन हे मला पटत नाही, बायबलात मला ते सापडत नाही, असं रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं. येशूला त्या मसीहा मानत होत्या, ईश्वर मानायला तयार नव्हत्या. चमत्कारांवरही त्यांनी प्रश्न उभे केले. अथानेशियसच्या नावाचा जो जुना कलमा चर्चमध्ये म्हणतात, त्यात हे न मानणारे कायमचे नाश पावतील असं वचन आहे. ते म्हणायला रमाबाईंची जीभ वळेना. माझ्या वर्गातल्या मुलीला शेजारच्या आजींविषयी जे वाटत होतं, तेच हे. आपलं लेकरू अर्थ कळायच्या आधीच असले सिद्धांत घोकू नये, यासाठीही त्या भांडल्या.

आपल्याला हे वाचून आतून बरं वाटतं, नाही का? मलाही वाटलं. तौहीद की हो ही! पण मी लगेच स्वतःला टोकलं. रमाबाई आपल्या बाजूच्या साक्षीदार म्हणून उभ्या नव्हत्या. त्या स्वतःच्या मार्गदर्शकापुढे उभ्या होत्या, आणि पुढे त्या कुठे पोचल्या ते आपल्या सोयीचं नाही म्हणून सोडून देता येत नाही. दुसऱ्याच्या घरातली शंका आपल्याला नेहमीच गोड लागते. प्रश्न आपल्या घरातल्या शंकेचा असतो.

जेराल्डिनबाईंचं उत्तर काय? थोडक्यात, अहंकार सोड. चर्च सांगतं ते स्वीकार, समज नंतर येईल. तुला वाढवलं आम्ही, तुझ्या आत्म्याची जबाबदारी आमची. या बाई दुष्ट नव्हत्या. आजारी असत, मनोरमेवर जीव टाकत. पण शिष्येची शंका त्यांना स्वतःच्या अपयशासारखी वाटली असावी. शिक्षिका म्हणून मी त्यांना ओळखते. मुलगी उभी राहिली तेव्हा मला राग तिच्या प्रश्नाचा आला नव्हता, मला उत्तर येत नव्हतं याचा आला होता.

रमाबाईंचं प्रत्युत्तर वाचताना अंगावर काटा येतो. शब्द त्यांचे देत नाही, आशय सांगते. मला विवेक आहे, बुद्धी आहे, माझं भलंबुरं मी ठरवू शकते. मोठ्या कष्टाने मी आमच्या पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून काढलं. आता दुसरं तसंच जोखड, ईश्वराची आज्ञा म्हणून, मी मानेवर ठेवणार नाही. आणि हे सगळं आजीबाईंवरचं प्रेम न सोडता. ज्यांच्या घरात अन्न खातो, ज्यांच्या पैशावर शिकतो, त्यांना असं लिहायचं म्हणजे काय, याची कल्पना ज्यांनी उपकारात दिवस काढलेत त्यांनाच येईल.

बीलबाईंनी दुसरी वाट धरली. रमाबाई येण्याच्या थोडंच आधी त्यांची स्वतःची श्रद्धा डळमळून गेली होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. मला वाटतं फरक तिथूनच पडला. त्यांनी वाँटेजच्या वडिलधाऱ्यांना समजावलं की ही तत्त्वज्ञानाच्या घरातली मुलगी आहे, इतिहासातली हकीकत म्हणून सांगितलं की मानेल असं नाही. तिला विचार करूनच पुढे जाऊ द्या. त्या रमाबाईंशी एकेका मुद्द्यावर बोलत, पत्रं लिहीत, आपलं मत मांडत आणि मग थांबत. तराजूचा काटा. सिद्धांत त्यांनी सोडला नव्हता. त्या त्रैक्य मानणाऱ्याच होत्या. फक्त समोरचीच्या शंकेने त्या घाबरत नव्हत्या.

१८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी. पुढचं सर्वांना ठाऊक आहे : ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग केडगावचं मुक्ती मिशन. त्यांच्या श्रद्धेचं काय झालं? १९०७ च्या आपल्या निवेदनात त्या सांगतात की ख्रिस्ती देशांत पंथांचा गलबला पाहून मी चक्रावले होते. आणि बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी मला कळलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो त्यांना पुढे सापडला असं त्या म्हणतात, आणि त्यानंतरचं त्यांचं सगळं आयुष्य, ५ एप्रिल १९२२ ला मृत्यू येईपर्यंत, त्या श्रद्धेवर उभं होतं. बायबल त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून मराठीत आणलं. जी शंका दाबायला सांगितलं जात होतं तिने त्यांना धर्माबाहेर नेलं नाही. हे माझ्या सोयीचं उत्तर नाही, पण घडलं ते असं.

आपल्याकडे काय आहे? काही नाही असं म्हणणं खोटं होईल. इब्राहिम अलैहिस्सलाम यांनी खुद्द अल्लाहला विचारलं, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव. ईमान नाही का, असं विचारल्यावर म्हणाले, आहे, पण काळजाला इत्मीनान हवाय. त्यांना रागावलं गेलं नाही. चार पक्ष्यांची निशाणी दिली गेली. सहीह मुस्लिममध्ये आहे की काही सहाबांनी रसूलुल्लाहना सांगितलं, आमच्या मनात असे विचार येतात की ते जिभेवर आणणंही आम्हाला भयंकर वाटतं. हुजूरांनी त्यांना फटकारलं नाही. हेच तर उघड ईमान आहे, असं म्हणाले. इमाम गजाली बगदादच्या निजामियात शिकवत असताना एवढे मोठे, पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की डोळ्यांनी दिसतं त्यावरचासुद्धा त्यांचा भरवसा एकदा उडाला होता आणि दोन महिने ते त्या आजारात होते. तो आजार दलिलींनी बरा झाला नाही, अल्लाहने सीन्यात टाकलेल्या नूराने बरा झाला, असं ते म्हणतात. १०९५ मध्ये पुन्हा असा पेच आला की वर्गात जीभ उचलेना, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

आणि पीर-मुरिदी आहेच. आपल्या मराठी मुलखात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना चांद बोधल्यांनी वाट दाखवली, ती ही परंपरा. पण तिच्यात एक म्हण अशीही चालत आली की मुरिदाने मुर्शिदच्या हाती असं राहावं जसं गस्सालच्या हाती मय्यत. मय्यत प्रश्न विचारत नाही. जेराल्डिनबाई आणि आपले कित्येक पीरसाहेब यांचं इथे छान जमलं असतं! आणि ज्यांना पीर मान्य नाहीत, त्या आमच्यासारख्या इस्लाही घरांत तर मुर्शिदही गेला आणि त्याच्या जागी कुणीच आलं नाही. उरला फतवा. फतव्याला मसला विचारता येतो, मनातलं सांगता येत नाही. बायकांना तर तेही नवऱ्याच्या किंवा भावाच्या तोंडून.

पुण्याचीच आणखी एक गोष्ट सांगते. योसेफ नॉयनर नावाचे ऑस्ट्रियन जेसुइट धर्मगुरू १९३८ पासून पुण्यात ईश्वरविज्ञान शिकवत. १९६१ मध्ये कलकत्त्याला त्यांनी भगिनींसाठी एकांतसाधना घेतली तेव्हा मदर तेरेसांनी त्यांच्यापुढे मन उघडं केलं : वर्षानुवर्षं आत काळोख आहे, देव जाणवतच नाही. नॉयनर यांनी त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. यावर माणसाकडे इलाज नाही, म्हणून दोष स्वतःकडे घेऊ नका. देवाची जी तहान लागलीय तीच तो असल्याची खूण आहे. आणि हा काळोख तुमच्या कामाचाच एक भाग आहे. २००७ मध्ये मदरची पत्रं छापली गेली तेव्हा जग हादरलं. मदर तेरेसांना शंका? नॉयनर तेव्हा पुण्यातच होते, नव्व्याण्णव वर्षांच्या घरात. २००९ मध्ये ते गेले, एकशे एकाव्या वर्षी. त्यांनी काळोख घालवला नाही. घालवल्याचा दावाही केला नाही.

पुन्हा त्या पत्रांच्या पुस्तकाकडे येते. हा सगळा संग्रह गोळा करून, लावून ठेवला कुणी? सिस्टर जेराल्डिन यांनीच. रमाबाईंनी त्यांना सुनावलेली पत्रं, बीलबाईंनी त्यांच्या पद्धतीवर शंका घेतलेली पत्रं, सगळी त्यांनी जपली. एकही पत्र फाडलं नाही असं मी म्हणणार नाही, ते मला कसं कळणार. पण जे जपलं त्यात स्वतःचा पराभव आहे आणि तो जपलाय. त्या बाईंविषयीचा माझा राग तिथे उतरला.

मागच्या रमजानमध्ये ती मुलगी बाजारात भेटली. आता बारावीला आहे, सायन्स. मी तिला म्हटलं, तू आठवीत मला एक प्रश्न विचारला होतास. ती लाजली, म्हणाली, "टीचर, तुम्हाला अजून आठवतं?" मी म्हटलं, त्याचं उत्तर मला आजही नीट येत नाही, पण तुला खाली बसवलं ते चुकलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, त्या आजी मागच्या वर्षी वारल्या. अम्मी फार रडली. आणि हातातली खजुराची पिशवी सावरत तिने विचारलं, "मी दुआ केली त्यांच्यासाठी. चालतं ना?"

इफ्तारला वीस मिनिटं होती. आम्ही दोघी तिथेच फळांच्या गाडीच्या आडोशाला उभ्या राहून बोलत होतो, अजान होईपर्यंत.